रंगुबाईचा हिवाळा

१

तिसगावच्या स्टँडसमोर माझं दुकान आहे. दुकान म्हणायचं, पण विकायला काही नाही. एक टेबल, अंगठा टेकवायचं मशीन, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि बाहेर बँकेने दिलेली निळी पाटी. लोक अंगठा टेकवतात, मी त्यांच्या खात्यातले पैसे त्यांच्या हातात देते. चौदा वर्षं हेच करतेय आणि एका रुपयाचा घोळ माझ्या नावावर नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक पहिल्यांदा माझ्याकडेच बघतात.

दिवाळी आली की आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. माळावरच्या वस्त्यांवर घराघराला कुलूप लागतं ते थेट उन्हाळ्यात निघतं. जाताना बायका आपापलं एटीएम कार्ड माझ्याकडे ठेवून जातात. तिकडे कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं, तिथे कार्ड ठेवायचं कुठे? नवऱ्याच्या हाताला लागलं तर संपलंच. म्हणून माझ्याकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात प्रत्येकीचं कार्ड वेगळ्या कापडी पिशवीत, वर पेनाने नाव.

यात माझ्या दोन चुका आहेत, त्याही सांगते. पिन बायकांच्या लक्षात राहीना. दर उन्हाळ्यात नवा पिन काढायचा, परत विसरायचा. शेवटी वैतागून मी सगळ्यांचा एकच करून टाकला, एक चार एक शून्य. चौदा ऑक्टोबर, आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तो दिवस, मला मरेपर्यंत विसरायचा नाही. दुसरी चूक फोनची. बऱ्याच जणींकडे स्वतःचा फोन नव्हता, तेव्हा बँकेच्या मेसेजसाठी मी माझाच एक जुना नंबर देऊन ठेवला. तो फोन ड्रॉवरमध्ये पडून असतो. हे नियमात बसत नाही, मला कुणी शिकवायला नको. पण नियम करणाऱ्यांनी एकदा कोपीत राहून बघावं.

डब्यातलं एक कार्ड रंगुबाईचं. तिचा अंगठा मशीन कधी घेतच नाही. वीस वर्षं कोयता धरून आणि उसाची पाती ओढून तिच्या बोटांवरच्या रेषा घासून गेल्यात. तरी दर वेळी अंगठा डोक्याच्या केसांतून फिरवायची, तेलाने ठसा उठतो म्हणून, आणि मशीन नाही म्हणालं की स्वतःच हसायची. सगळं गाव मला ताई म्हणतं, ही एकटी म्याडमताई म्हणते. दोन वर्षं ती पैसे साठवत होती. घोडेगावच्या बाजारातून म्हैस घ्यायची आणि तोडीला जाणं बंद करायचं. जाताना मला म्हणाली होती, "लगीन झाल्यापासनं एकबी संक्रांत घरात न्हाई बघा, म्याडमताई. एक हिवाळा फकस्त माझ्या घरात बसायचंय मला."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी साडेअकराला, ड्रॉवरमधला फोन टुंग वाजला. रंगुबाईच्या कार्डावर खरेदी झाली होती. कल्याण किराणा, तिसगाव.

मी डबा उघडला. कार्ड पिशवीत होतं.

२

कल्याणचं दुकान माझ्यापासून शंभर पावलांवर. कुलूप लावून गेले. तो शेंगदाणे जोखत होता. म्हटलं, कल्याण, आत्ता कार्डावर कुणी घेऊन गेलं का काही? तो म्हणाला, गेली की रंगुबाई. चहापत्ती, गूळ आणि एक केरसुणी.

मी म्हटलं, रंगुबाई कारखान्यावर आहे, तीनशे किलोमीटर लांब. तो म्हणाला, अहो नाही, यंदा गेली नाही ती. मला बोलली ना, यंदा घरीच हाय म्हणून. मग त्याने मशीनची पावती दाखवली. शेवटचे चार आकडे बरोबर होते. मी विचारलं, तोंड नीट बघितलंस? आता तो चिडला. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बघू का ताई, म्हणाला, आवाज ऐकला, बटणं दाबली, झालं. दुकानातला कॅमेरा विचारला तर म्हणे तो नुसता दाखवायला लावलाय.

मी परत आले आणि डोकं शांत ठेवून विचार केला. कार्डाची नक्कल होते हे मला माहीत आहे, बँकेने आम्हाला त्याचं प्रशिक्षणही दिलंय. कुठल्या तरी मशीनमध्ये कार्डाची पट्टी वाचली गेली असणार, पिन माझ्या मूर्खपणामुळे सोपा. कुणी तरी बाई रंगुबाईचं नाव सांगून सामान नेतेय. चोरी आहे, दुसरं काही नाही. फक्त एक गोष्ट मला डाचत राहिली. चोर केरसुणी कशाला घेईल?

तिच्या नवऱ्याला, बजरंगला, फोन लावला. त्याने तिला दिला. मागे ट्रॅक्टरची घरघर होती आणि ती खोकत होती. मी सांगितलं, कार्डावर थोडी गडबड झालीय, मी ते बंद करते. तिने एकच विचारलं.

"म्हशीचे पैसे हायेत ना पर?"

"आहेत."

"मग करा तुमाला काय करायचं ते. तुमच्यापाशी हाय म्हंजे मला घोर न्हाई."

त्याच दुपारी मी कार्ड बंद केलं. बंद झाल्याचा मेसेज आला. मला इतकं बरं वाटलं की मी समोरून भजी मागवून खाल्ली.

३

भोगीच्या दिवशी दुपारी फोन परत वाजला. बंद केलेलं कार्ड, कल्याण किराणा. बँकेला विचारलं तर ते म्हणाले, आमच्याकडे कार्ड बंदच दिसतंय, मेसेज चुकून गेला असेल. कल्याणला विचारलं तर तो म्हणाला, पाव किलो तीळ, आणि वाण लुटायला तेरा फण्या.

मग मात्र मी स्कूटी काढली. माळावरची ती वस्ती गावापासून तीन किलोमीटर. आठ घरं, आठही कुलपात. मागे राहिलेली एकटी बनुबाई, सगळ्यात टोकाच्या घरात. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. तिचा लेक आणि सून तोडीला जातात आणि शेजारगावची पुतणी येऊन जेवायला देऊन जाते, असं ठरलेलं असतं. मी विचारलं, म्हातारे, पुतणी येते का? ती म्हणाली, पुतणी कुठली, दिवाळीपासनं एकदाबी न्हाई फिरकली. रंगू हाय म्हणून जगले. सांजसकाळ गरम भाकर आणून देती, लई मायाळू.

दिवाळीपासून. कार्ड वापरायला लागून आठवडाच झाला होता. मी ते मनात फार घोळवलं नाही. म्हातारं माणूस, दिवसांचा हिशेब राहत नाही, असं म्हटलं.

रंगुबाईच्या दाराला कुलूप होतं. जुनं, गंजलेलं, वर कोळ्याचं जाळं. पण अंगणात ओला सडा होता. माळावर आठ-आठ दिवस चिटपाखरू नसतं, तिथे शेणाचा ताजा सडा आणि उंबऱ्यापुढे चार बोटांची रांगोळी. दाराच्या डाव्या बाजूला नवा खुंटा ठोकलेला, जनावर बांधायचा. अजून त्याला दावं नव्हतं.

मी तिथेच उभी राहून बजरंगला फोन लावला आणि रंगुबाईला मागितलं. किल्ली कुणाकडे आहे विचारलं. ती म्हणाली, माझ्या गळ्यात हाय की, काळ्या मण्यांतच ववलीय. का वो, म्याडमताई? मी म्हटलं, सहज. सड्याचं सांगायला माझी जीभ उचलेना. ती सांगू लागली, हितं थंडी लई हाय, हाताला भेगा पडल्यात, भोगीची भाजीबी न्हाई केली औंदा.

ती बोलत असताना मला वास आला. तीळ भाजल्याचा. मग आवाज, तव्यावर तीळ तडतडायचा. तो फोनमधून येत नव्हता.

फोन तसाच कानाशी धरून मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत चुलीचा उजेड होता. तव्याच्या कडेला एक हात होता, मनगटापर्यंत दिसणारा, हिरव्या नव्या बांगड्यांचा. तळवा मऊ, गोरटेला, बोटं गुबगुबीत. कधी कोयता न धरलेला हात. तो तीळ हलवत होता. फोनमध्ये रंगुबाईने विचारलं, म्याडमताई, हायेत का लाइनवर? आणि आतला हात थांबला.

तो नुसता थांबला. पण ऐकत असल्यासारखा थांबला. मी घाबरले, साफ घाबरले, सांगायला लाज कसली. स्कूटीला किल्ली लागेना म्हणून पहिली पन्नास पावलं ती ढकलतच नेली.

४

पोलिसांत जायचं ठरवलं होतं. काय सांगणार, तेच ठरत नव्हतं. कुलपाच्या आत कुणी तरी तीळ भाजतंय? ठाण्यातला कारकून मला ओळखतो, तो आधी विचारेल, डायबेटिसची गोळी चुकली का आज.

दोन दिवसांनी मी पडद्यामागे डबा खात होते. बाहेर शटर अर्धं ओढलेलं. मशीनचा आवाज आला, तो रोजचा बाईचा आवाज, व्यवहार यशस्वी. मी घास तसाच ठेवून बाहेर आले. दुकानात कुणी नव्हतं. पावती मशीनमधून लोंबत होती. खातेदार रंगुबाई, अंगठा जुळला. गल्ल्यातून तेवढेच पैसे गेले होते, एक नोट जास्त नाही.

अंगठ्याच्या काचेवर ठसा उठला होता. मी वाकून बघितला. रेषा न् रेषा पूर्ण, एकही तुटलेली नाही. माझ्या स्वतःच्या अंगठ्याचा इतका स्वच्छ ठसा उठत नाही. टेबलावर एक फणी होती, पाच रुपयांची, गुलाबी. आमच्यात हळदीकुंकू नसतं, मला वाण कुणी देत नाही. ती फणी मी डब्यात रंगुबाईच्या पिशवीत टाकली, कुठे ठेवायची ते सुचलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी मशीनची वायर काढून जेवायला बसले. बाहेर आले तर वायर लावलेली आणि पावती लोंबत होती. तिसऱ्या दिवशी शटर पूर्ण ओढून, कुलूप घालून घरी गेले, आणि ड्रॉवरमधला फोन बरोबर नेला. भाताचा पहिला घास घेतला आणि फोन वाजला.

म्हशीचे पैसे संपल्यावर फोन वाजायचा थांबला. मी कुणाला सांगितलं नाही. पैसे माझ्या मशीनवरून, माझ्या गल्ल्यातून गेले होते. माझ्यावाचून कुणाचं नाव घेणार? रंगुबाईचा मधे दोनदा फोन आला, तिने तोच प्रश्न विचारला आणि मी दोन्ही वेळा आहेत म्हटलं.

फेब्रुवारीत कुणीसं म्हणालं, माळावर म्हैस रेकते.

५

एप्रिलमध्ये टोळी आली. बजरंग ट्रॅक्टरवर सामान घेऊन मागे राहिला आणि रंगुबाई स्टँडवर उतरून सरळ माझ्याकडे आली. हाडं राहिली होती नुसती. तोंड रापून काळं पडलेलं, हाताच्या भेगांत माती. गठुडं पायाशी ठेवून स्टुलावर बसली आणि म्हणाली, द्या म्याडमताई, माझं कार्ड. उद्याच घोडेगावला जाते.

मी तिला सांगितलं. सगळं नाही. पैसे गेलेत, तक्रार करू, परत मिळतात, असं सांगितलं. ती गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. मला वाटत होतं, हिने एक मुस्काटात द्यावी.

बँकेतल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, शेवटचे पैसे अंगठ्याने निघालेत, म्हणजे खातेदारानेच काढलेत. ही बाई म्हणते मी नव्हते, तर आधी ती खातेदार आहे हे ठरू द्या. अंगठा घ्या. नसेल जुळत तर तुम्ही लिहून द्या, की मी हिला ओळखते आणि हीच रंगुबाई.

तिने अंगठा केसांतून फिरवला आणि टेकवला. नाही जुळला. परत फिरवला, परत टेकवला. पाच वेळा. शेवटच्या वेळी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

कागद माझ्यापुढे होता. दोन ओळी लिहायच्या होत्या. मी हिला वीस वर्षं ओळखते. पण मी लिहून दिलं की हीच रंगुबाई, तर माझ्या मशीनवर जिने अंगठा ठेवला ती कोण, हे मला सांगावं लागणार होतं. आणि ते मला सांगता येत नव्हतं. मग चौदा वर्षं काय कामाची? हातात बेड्या. आणि खरं सांगायचं तर अजून एक होतं. समोरच्या त्या काळ्या, वाळलेल्या बाईकडे बघताना मला एक क्षण वाटून गेलं, हिवाळाभर तर सगळे म्हणत होते रंगुबाई घरीच आहे, मग ही कोण? असं खरंच वाटलं मला. आणि ते तिने माझ्या तोंडावर वाचलं.

"तुमीबी, म्याडमताई?"

मी म्हटलं, तसं नाही गं, नियम म्हणजे नियम. हात बरे होऊ दे. आठ दिवस घरी बस, तेल लाव, रेषा परत येतात. ठसा जुळला की लगेच लिहून देते.

ती उठली. गठुडं डोक्यावर घेतलं, गळ्यातली किल्ली चाचपली आणि माळाच्या वाटेने निघाली. ऊन रणरणत होतं. मी हाक मारली नाही. आत काय आहे हे मला माहीत होतं, मी फटीतून बघितलं होतं, आणि मी तिला हाक मारली नाही.

६

आठ दिवसांनी रंगुबाई आली. अंगावर नवं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, अंग भरलेलं. सोबत बजरंग होता. मी काही बोलायच्या आत तिने अंगठा टेकवला. केसांतून फिरवला नाही. मशीनने पहिल्या झटक्यात घेतला.

मी म्हटलं, तक्रारीचा कागद काढू?

ती हसली. "कसली तक्रार, ताई? मीच काढलं हुतं की समदं. म्हैस आणली न्हाई का."

मी बजरंगकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेही नाही. हातातल्या दाव्याचा पीळ उलगडत उभा होता. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, मी सांगितलं, ठसा जुळला, विषय मिटला. ते म्हणाले, बघा, उगाच घाबरत होता.

खोटं कशाला बोलू, मलाही सुटल्यासारखं वाटलं. माझं नाव स्वच्छ राहिलं. पावसाळा गेला, दिवाळी आली, टोळ्या गेल्या. रंगुबाई आणि बजरंग गेले नाहीत. बाकीच्या बायकांनी कार्डं आणून दिली, मी डब्यात ठेवली. रंगुबाईची पिशवीही अजून डब्यातच आहे, तिने कार्ड कधी परत मागितलंच नाही.

परवा संक्रांत झाली. काल दुपारी ती तिळगूळ घेऊन आली आणि दुकानाबाहेरच्या बाकावर उन्हाला बसली. स्टँडवरच्या बायका तिच्याशी बोलत होत्या. तिचं हसणं मला आत ऐकू येत होतं. तेवढ्यात ड्रॉवरमधला फोन वाजला. टुंग नाही, रिंग. त्या फोनवर कधी कुणाचा फोन येत नाही. नंबर अनोळखी होता.

मागे ट्रॅक्टरची घरघर होती. कुणी तरी खूप वेळ खोकलं.

"म्याडमताई, दुसरीच्या फोनवरनं बोलते. कोयता काय सुटना बघा. माझं कार्ड हाय ना तुमच्यापाशी?"

मी दाराबाहेर बघितलं. बाकावरची हसायची थांबली होती. तिळगूळ मोडत असलेला तिचा हात तसाच थांबला होता आणि तिने मान किंचित माझ्याकडे वळवली होती.

"आहे," मी म्हटलं. "जपून ठेवलंय."

"मग मला घोर न्हाई," ती म्हणाली.